बायकोच्या छातीतलं पाणी

जन्मभर मी लोकांना त्यांच्या भिंती ओल्या का झाल्या ते सांगत फिरलो. पालिकेच्या पाणीखात्यात गळती शोधणाऱ्या पथकात होतो. वडाळा, रे रोड, लालबाग, दादर, जिथे म्हणून रस्त्याच्या पोटात पाइप फुटला असेल तिथे आम्ही. लोखंडी सळई रस्त्यावर टेकवायची, दुसऱ्या टोकाला कान लावायचा आणि आत पाणी कुठे फुसफुसतंय ते ऐकायचं. भर रस्त्यात कंबरेत वाकून सळईला कान लावलेला माणूस किती बावळट दिसतो, हे मला फार उशिरा, मुलीने मोबाइलवर काढलेला फोटो दाखवला तेव्हा कळलं. तोवर मी स्वतःला डॉक्टरच्या खालोखाल समजत होतो.

निवृत्त झालो तरी खोड गेली नाही. डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत कुणाच्या भिंतीला पोपडे आले की पहिली हाक मला. "काका, जरा बघता का?" मी बघणार. हात लावणार, वास घेणार, मान हलवणार आणि माझा ठरलेला प्रश्न विचारणार: हे पाणी कुणाचं? नळाचं, वरच्या मोरीचं की जमिनीचं? नमुना बाटलीत घ्यायचा, औषधाचा थेंब टाकायचा. पाणी पिवळं झालं की त्यात क्लोरीन आहे, म्हणजे नळाचं. नाही झालं तर दुसरीकडे शोधा. आणि नळाचं निघालं की मग माझं खरं भाषण सुरू. गळती दोन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात पाइप ठणठणीत असतो, पण प्रेशर वाढतं नाहीतर पुढे कुठेतरी तुंबतं, आणि सांध्यातून पाणी झिरपतं. दुसऱ्या प्रकारात पाइपच सडलेला असतो. हे भाषण मी लग्नाच्या पंगतीत केलंय, स्मशानात केलंय, आणि मुलीला बघायला आलेल्या पाहुण्यांपुढेही केलंय. ते पाहुणे परत आले नाहीत.

तर असा मी. आणि दोन वर्षांमागे माझ्याच घरात, माझ्याच शेजारी झोपणाऱ्या बाईच्या छातीत पाणी साठत होतं, आणि ते मला कळलं नाही.

आधी ती जिना चढताना धापा टाकायला लागली. मी निदान केलं: वजन. तसं बोलूनही दाखवलं, आणि त्याबद्दल जे ऐकायचं ते ऐकलं. मग कोरडा खोकला आला. मी म्हटलं, समोर टॉवरचं काम चाललंय, सिमेंटची धूळ. संध्याकाळी अंग गरम लागायला लागलं. मी म्हटलं, डास. जेवण तुटलं, तर म्हटलं, उन्हाळा. एकही निदान बरोबर येऊ द्यायचं नाही असा विडाच उचलला होता म्हणा ना. त्यात ती एकाच कुशीवर झोपायला लागली, माझ्याकडे पाठ करून. मला वाटलं, वजनाचं बोललो म्हणून रुसलीय. मी पण मग रुसलो. ती बिचारी त्या एका कुशीवरच श्वास घेऊ शकत होती, आणि हा गाढव पलीकडे तोंड करून मान राखत पडला होता.

शेवटी समोरच्या खोलीतल्या ताईंनी मला गॅलरीत गाठलं. ह्या ताई बँकेतून निवृत्त झालेल्या, आमच्या हिची जुनी मैत्रीण. दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नाही. त्या म्हणाल्या, "भाऊ, वहिनी बोलताना मधेच थांबतात. एक वाक्य एका दमात होत नाही त्यांचं. तुमचं लक्ष आहे का?" मी म्हटलं, "धूळ आहे ताई." त्या म्हणाल्या, "धूळ तुमच्या डोळ्यात आहे. उठा, तिला एक्स-रेला घेऊन चला."

एक्स-रेत एका बाजूचं फुप्फुस हवेने भरलेलं, काळं दिसत होतं आणि दुसऱ्या बाजूला खालून अर्ध्यापर्यंत सगळं पांढरं. नाक्यावरचे डॉक्टर म्हणाले, "छातीत पाणी झालंय. मोठ्या हॉस्पिटलला दाखवा, उशीर करू नका."

हिने काही विचारलं नाही. मीही नाही. कारण हिची मोठी बहीण. तिचंही असंच सुरू झालं होतं. छातीत पाणी, छातीत पाणी म्हणत राहिले सगळे, आणि ते पाणी कॅन्सरचं निघालं. पुढच्या गणपतीला ती नव्हती. त्यामुळे आमच्या खोलीत त्या दिवसापासून एकच प्रश्न बसून होता, हे पाणी तसलं की दुसरं कसलं, आणि तो शब्द आम्ही दोघांनीही उच्चारायचा नाही असं न बोलता ठरलं.

घाबरलो की काही माणसं गप्प होतात. माझं तोंड सुटतं. आणि हात पण. हॉस्पिटलचा दिवस मिळेपर्यंत काहीतरी केलंच पाहिजे, म्हणून मी जे जन्मभर करत आलो तेच केलं. गळती सापडली की आधी चावी बंद करायची. मी बायकोचं पाणी बंद केलं.

हसू नका. मला ते अगदी शास्त्रशुद्ध वाटत होतं. आत पाणी साठतंय, मग वरून ओतायचं कशाला? तांब्या उचलून फळीवर ठेवला. अर्धी वाटी सकाळी, अर्धी वाटी संध्याकाळी. पेज बंद, सोलकढी बंद, ताक बंद, कलिंगडाचं तर नावच नको. मऊ भातसुद्धा मी कोरडा करून वाढायचो. अंगात ताप, तोंडाला कोरड, आणि तिने पाणी मागितलं की मी समजावून सांगायचो, प्रेशर म्हणजे काय ते. ती म्हणायची, "माका तहान लागली हा, आणि तुमी माका शाळा शिकवतास?" चिडली की ती मालवणीत घुसते. मी तरी बधलो नाही.

त्यात आजारी माणसाला बघायला येणारे. आमच्याकडे आजाऱ्याला बघायला कुणी रिकाम्या हाताने येत नाही, आणि सगळे आणतात शहाळं. मी दारातच पहारा दिला. शहाळं हातातून घ्यायचं, आत ठेवतो म्हणायचं, आणि माणूस गेला की गॅलरीच्या टोकाला जाऊन स्वतः पिऊन टाकायचं, वाया जायला नको म्हणून. एकदा ताईंनी मला तिथे पकडलं. दोन्ही हातांत शहाळं, तोंडात स्ट्रॉ. त्या नुसत्या बघत राहिल्या. तेवढ्यात आतून हिचा आवाज आला, "ताई, माझ्या आजारपणात ह्यांची तब्येत कशी सुधारलीय बघा."

परळच्या हॉस्पिटलात आम्हाला जी डॉक्टर मिळाली ती माझ्या मुलीहून लहान. डोळ्यांखाली काळं, केस कसेबसे बांधलेले, पण हात शांत. तिने हिच्या पाठीवर एक बोट ठेवून त्यावर दुसरं बोट आपटत आपटत खाली यायला सुरुवात केली. वरती पोकळ आवाज, खाली आल्यावर एकदम बद्द. मला राहवेना. मी म्हटलं, "इथे आहे! इथून खाली भरलंय!"

डॉक्टरने वळून पाहिलं. "काका, तुम्ही मेडिकलमध्ये होता का?"

"पाणीखात्यात," मी म्हटलं.

"ह्यांना बाहेर बसवता येईल का?" बायकोने विचारलं.

डॉक्टरने तिची जीभ पाहिली, हातावरची कातडी चिमटीत धरून सोडली. "पाणी किती पिता?"

"हे देतील तेवढं," ही म्हणाली.

मग मला सगळं सांगावं लागलं. डॉक्टर ऐकत होती आणि तिचा चेहरा बदलत होता. शेजारची नर्स तोंडाला रुमाल लावून दुसरीकडे वळली. डॉक्टर म्हणाली, "काका, प्यालेलं पाणी पोटात जातं. छातीत जायला वाट नाही. तुम्ही ह्यांना तापात तहानेलं ठेवलंत." मग नर्सने पाण्याचा पेला आणून दिला. हिने तो एका दमात संपवला, म्हणजे तिच्या त्या वेळच्या अर्ध्या दमात. पेल्याच्या कडेवरून ती पूर्ण वेळ माझ्याकडे बघत होती. ती नजर मी मेलो तरी विसरणार नाही.

मग डॉक्टरने आम्हाला नीट समजावलं. फुप्फुसावर दोन पातळ आवरणं असतात, एक फुप्फुसाला चिकटलेलं, एक छातीच्या आतल्या बाजूला. दोघांच्या मधे चमचाभर ओलावा असतो, श्वास घेताना घासू नये म्हणून. तो सारखा तयार होतो आणि सारखा शोषला जातो. ह्या येण्याजाण्याचा हिशोब बिघडला की पाणी साठतं आणि फुप्फुसाला फुगायला जागा उरत नाही. "पाणी साठणं हा आजार नाही," ती म्हणाली, "आजार दुसरीकडेच कुठेतरी असतो. म्हणून पाणी काढून तपासायचं, आणि पहिल्यांदा एवढंच बघायचं की ते दोनांतल्या कुठल्या प्रकारचं आहे. एका प्रकारात आवरण चांगलं असतं, पण हृदय, लिव्हर नाहीतर किडनी बिघडल्यामुळे दाब बदलतो आणि पाणी झिरपतं. दुसऱ्या प्रकारात आवरणालाच सूज असते किंवा इजा असते, त्यातून प्रथिनं भरलेलं पाणी बाहेर येतं."

माझा आ वासला. हे तर माझं भाषण! पंगतीतलं, स्मशानातलं, अक्षरन् अक्षर. मी तिला थांबवून पाइप, सांधे, प्रेशर सगळं सांगितलं. बाहेर केवढी रांग, आणि ती पोर उभी राहून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "साधारण बरोबर आहे, काका."

हे तिने बोलायला नको होतं. माझ्यासारख्या माणसाला साधारण बरोबर म्हणणं म्हणजे माकडाच्या हातात कोलीत.

पाणी काढताना हिला स्टुलावर बसवलं, पुढे टेबलावर उशी ठेवून तिच्यावर वाकवलं. सोनोग्राफीचं यंत्र फिरवून जागेवर खूण केली. मला समोर बसून तिचे हात धरायला सांगितलं, आणि बजावलं की काही झालं तरी बोलायचं नाही. जागा बधिर केली, सुई आत गेली. हिने माझी बोटं इतकी आवळली की अंगठी रुतली. मग डॉक्टरच्या हातातल्या सिरिंजमध्ये पाणी यायला लागलं. स्वच्छ. आणि पिवळं.

"पिवळं!" मी ओरडलो. "नळाचं आहे!"

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. ही मात्र माझ्यासोबत जन्म काढलेली बाई. पाठीत सुई असताना, उशीत तोंड खुपसून ती म्हणाली, "ह्यांना कोणीतरी बाहेर घालवा हो!"

"हलू नका," डॉक्टर म्हणाली, "आणि प्लीज हसू नका." तिचा स्वतःचा आवाज मात्र थरथरत होता. नंतर बाटल्यांवर चिठ्ठ्या लावताना तिने मला समजावलं की असं पिवळसर पाणी दोन्ही प्रकारांत दिसतं. रंगावरून एवढंच म्हणता येतं की रक्त नाही आणि पू नाही. खरं उत्तर प्रयोगशाळेत. तिथे ह्या पाण्यातलं प्रथिन आणि आणखी एक पदार्थ मोजतात, त्याच दिवशी घेतलेल्या रक्तातही तेच मोजतात, आणि दोन्ही शेजारी ठेवून बघतात. रक्ताच्या मानाने पाण्यात फार कमी असेल तर पहिला प्रकार. बरंच असेल तर दुसरा.

प्रयोगशाळेचं उत्तर यायच्या आधीच मी माझा निकाल लावून घरी आलो, कारण सडलेला पाइप म्हटलं की मला हिची बहीण दिसायची. पहिला प्रकार. चाळीत ज्याने विचारलं त्याला सांगितलं. पंपाचा प्रॉब्लेम आहे, पाइप ठणठणीत. हृदय थोडं थकलंय, लघवी होण्याची गोळी देतील, पाणी उतरेल. पाठीतून बरंच पाणी काढल्यामुळे हिला श्वास जरा मोकळा येत होता, आणि माझा तर काय विचारू नका. तेव्हा लक्षात आलं नाही, पण मी अख्ख्या चाळीत सांगत फिरत होतो की माझ्या बायकोला हृदयविकार आहे, आणि सांगताना माझा चेहरा फुललेला असायचा. तळमजल्यावरच्या एकाने हिला गुपचूप विचारलंही म्हणे, "वहिनी, घरात सगळं ठीक ना?"

पण आत धाकधूक होतीच. म्हणून मी गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. आमच्याकडे गावच्या देवाला असं उभं राहून, मोठ्याने, सगळ्यांदेखत सांगायची रीत आहे. एकाने सांगायचं आणि बाकीच्यांनी होय म्हाराजा म्हणून साथ द्यायची. गाव लांब, म्हणून खोलीतच कोनाड्यातल्या देवापुढे नारळ ठेवला. ताई हिच्या उशाशी बसल्या होत्या. त्यांनी आधीच सांगून टाकलं, "भाऊ, मी काही होय म्हाराजा म्हणणार नाही हं. आमच्यात नसतं ते. पण तुमचं चालू द्या, मी ऐकते."

मी हात जोडले, आवाज लावला. "बा देवा म्हाराजाऽऽ! आज ह्या तुझ्या लेकराच्या छातीत जां काय पाणी साठलां, तां पयल्या प्रकाराचां होवंदे, रे म्हाराजाऽऽ!"

होय म्हणायला खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मग खाटेवरून, ज्या छातीत पाणी होतं त्या छातीतूनच, बारीक आवाज आला. "होय म्हाराजा."

ताई फुटल्या. तोंडात पदर कोंबून हसायला लागल्या, मग ही हसायला लागली, हसताना खोकायला लागली, आणि मी नारळ हातात घेऊन दोघींवर डाफरलो की देवाची थट्टा करू नका. ताई डोळे पुसत म्हणाल्या, "अहो भाऊ, बायकोला हृदयविकार होऊ दे म्हणून देवाकडे मागणारा नवरा मी पहिल्यांदाच बघतेय."

देवाने ऐकलं नाही. निकाल आला तो दुसऱ्या प्रकाराचा. डॉक्टरने दोन्ही आकडे समोर ठेवून दाखवले, पाण्यातलं प्रथिन रक्ताच्या जवळ जवळ पोचलेलं. मी बाकावर बसलो तो उठेनाच. माझ्या डोक्यात एकच: पाइपच सडला. जन्मभर लोकांना हे सांगताना मला कधी काही वाटलं नव्हतं. पाइप सडला की बदलायचा असतो. इथे बदलणार काय?

डॉक्टरने ओळखलं असावं. ती म्हणाली, "काका, दुसरा प्रकार म्हणजे सगळं संपलं असं नाही. त्यातही बरेच प्रकार आहेत. न्यूमोनिया असतो, टीबी असतो." मग जरा थांबून म्हणाली, "आणि बाकीचंही असतं. त्या पाण्यातल्या पेशी अजून बघायच्या आहेत, आणि टीबीसाठी एक वेगळी तपासणी पाठवलीय. थोडे दिवस लागतील."

बाकीचंही असतं. तिने बिचारीने तो शब्द वापरला नाही, पण आम्हाला दोघांनाही ऐकू आला.

ते थोडे दिवस मी कसे काढले? बोलून. सकाळी चहा करताना बोलायचो, भाजी चिरताना बोलायचो, हिचे पाय चेपताना बोलायचो. रे रोडला लाकडाच्या वखारींमागे मुख्य पाइप सडलेला असं आम्ही धरून चाललेलो आणि खणल्यावर नुसती बारीक चीर निघाली, ही गोष्ट तर मी तिला रोज सांगत होतो. ती डोळे मिटून पडायची. कधी म्हणायची, "गप ऱ्हवा ओ जरा." मी क्षणभर गप्प राहायचो आणि मग वडाळ्याची गोष्ट काढायचो. खोलीत शांतता झाली की तिच्या बहिणीचा चेहरा समोर यायचा. म्हणून मी शांतता होऊ देत नव्हतो.

आणि मग त्या दिवशी डॉक्टरने कागद उलटला, वाचला, परत वाचला. मला वाटलं माझंच हृदय बंद पडतंय. ती म्हणाली, "वाईट पेशी दिसल्या नाहीत. ज्या पेशी आहेत त्या टीबीत असतात तशा, आणि ती दुसरी तपासणी पण टीबीकडेच बोट दाखवते. संध्याकाळचा ताप, भूक जाणं, सगळं जुळतं. टीबी आहे, मावशी."

"अभिनंदन!" मी उभा राहून म्हटलं, आणि डॉक्टरचा हात हातात घेऊन गदागदा हलवला. बाहेरच्या रांगेतले लोक आत वाकून बघायला लागले. "टीबी आहे! टीबी!" मी त्यांनाही सांगितलं. दारातल्या दोघांनी पटकन रुमाल नाकाला लावले.

ही मात्र बसूनच होती. तिने विचारलं, "नक्की?"

डॉक्टर खरं बोलणारी होती. "शंभर टक्के असं आम्ही म्हणत नाही. गोळ्या सुरू करू. ताप उतरतोय का, पाणी परत भरतंय का ते बघत राहू. सहा महिने एकही दिवस चुकवायचा नाही. पण सगळं त्याच बाजूला आहे. आणि तुमच्या थुंकीत जंतू नाहीत, त्यामुळे घरात कुणाला लागण होईल अशी भीती धरू नका."

हिने मान हलवली आणि पिशवी उचलली. परतीच्या टॅक्सीत ती खिडकीबाहेर बघत बसली.

मी तिला खोलीत सोडलं आणि तसाच खाली उतरून नाक्यावर पेढे घ्यायला धावलो. ह्या गिरणगावात टीबीचे पेढे वाटणारा मी पहिला आणि बहुधा शेवटचा. आमच्याकडे हा आजार माणूस मेला तरी सांगत नाहीत. कुणाला दमा असतो, कुणाला जुना खोकला असतो, कुणी नुसतं हवापालटाला गावी जातं. आणि हा महात्मा दारोदार खोका घेऊन. "काय काका, नातू झाला?" "नाही रे, हिला टीबी झाला! घे, घे, दोन घे." हात पुढे आलेला असायचा, पेढा उचललेला असायचा, आणि मग तो पेढा तिथेच हवेत थांबायचा. एका घरात विचारलं, "खोका घरून आणलात की दुकानातून?" एका दाराची कडी मी वळलो तशी आतून लागली. मला तेव्हा काहीही कळत नव्हतं. मला सगळं जग गोड दिसत होतं.

ताईंनी मात्र एक पेढा खाल्ला, दुसरा उचलला. म्हणाल्या, "आमच्या सासऱ्यांना हेच होतं. मिलची नोकरी सुटली तरी आम्ही पाहुण्यांना दमाच सांगायचो. ते गेले तेव्हाही दमाच सांगितला." मग दुसरा पेढा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही आत जा आता. ती वाट बघत असेल."

ती वाट बघतच होती. खाटेवर ताठ बसलेली. गॅलरीतलं सगळं तिला ऐकू आलं होतं.

"टीबीचे पेढे? टीबीचे? जगात कोणी वाटले असतील?" श्वास पुरत नव्हता तरी थांबेना. "गणपतीत सगळ्या मजल्याचे मोदक माझ्या हातचे. आता कोण खाईल माझ्या हातचं? तुमका काय कळता? तुमचं तोंड म्हणजे फुटलेला नळ!"

मी तिला समजवायला लागलो की थुंकीत जंतू नाहीत, हे पाणी फुप्फुसाच्या आत नसून बाहेरच्या आवरणात आहे, म्हणजे समज मुख्य पाइपला धक्का नाही, पण...

"गप ऱ्हवा!"

मी गप्प बसलो. खोका मांडीवर घेऊन खाटेच्या कडेला टेकलो. मग तिने हात पुढे केला. "एक द्या इकडे."

तिने पेढा घेतला, अर्धा तोडला, तोंडात घातला. कितीतरी दिवसांनी तिने आपणहून मागून काही खाल्लं होतं. चावता चावता तिचे डोळे भरून आले.

"माका वाटलां, मी चल्लंय," ती म्हणाली. "माझ्या बहिणीसारखीच. रोज वाटायचं."

मी खोक्याची सुटलेली दोरी बोटाला गुंडाळत होतो.

"तुम्ही तुमचं ते पाइपपुराण लावायचात ना, तेव्हा मी डोळे मिटून एकच विचार करायचे. मी गेले तर ह्या माणसाचं ऐकणार कोण? लोक ऐकतील दोन दिवस. मग दारं लावून घेतील. मग हा एकटाच ह्या भिंतींशी बोलत बसेल. माका मरणाचां नाय, त्याचांच भ्या वाटायचां."

ज्याचं तोंड जन्मात बंद झालं नाही त्या माणसाला एक अक्षर सुचेना. डोळ्यांतलं पाणी खोक्यातल्या पेढ्यांवर पडत होतं, आणि मी ते पुसतही नव्हतो.

"आता का गप्प?" तिने उरलेला अर्धा पेढा माझ्या हातावर ठेवला. "बोला की. तो दुसरा प्रकार म्हणजे काय ते मला अजून नीट समजलं नाही."

मी सुरुवात केली. आवाज फुटेना, थांबलो, परत सुरुवात केली, आणि भडाभडा काहीतरी बोलत सुटलो.

तिने पाय पसरले आणि पाठ भिंतीला टेकवली.

"सावकाश सांगा," ती म्हणाली. "आता वेळ आहे."